सगळीकडे सारखा गंज

१

"हा तो रॉड नाही," मोडबाई म्हणाल्या आणि हातातला लोखंडाचा तुकडा त्यांनी टेबलावरच्या फडक्यावर परत ठेवला.

प्रयोगशाळेत त्यांच्याशिवाय चौघं जण होते. संस्थेचे विभागप्रमुख, त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी मुलगी, मशीन चालवणारे काका आणि रॉड बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर. चौघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता, म्हातारीचं डोकं फिरलं की काय.

मोडबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं तेवढंच. बाकी सगळ्या जगाला त्या मोडबाई. तुटलेलं लोखंड हातात घ्यायचं आणि ते कसं तुटलं, कधीपासून तुटत होतं, हे सांगायचं, यात त्यांची उभी हयात गेली होती. घरी थोरली बहीण त्यांना फुटकी कपबशी उचलू द्यायची नाही. म्हणायची, "तू चिरा बघत बसशील आणि चहा गार होईल." निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं होतं, पुरे झालं. पण सुरक्षा खात्याने गळ घातली, बाहेरचा जाणकार हवा म्हणून, आणि त्या आल्या.

प्रकरण असं होतं. एका उंच इमारतीच्या काचा पुसायला दोन माणसं झुल्यावर उभी होती. झुला दोन टोकांना दोन रॉडना टांगलेला. त्यातला एक रॉड तुटला. एक जण त्याच क्षणी बेल्टाचा हूक एका दोरावरून दुसऱ्यावर लावत होता, तो थेट खाली गेला. दुसरा त्याचा मेव्हणा, तो बेल्टाला लोंबकळत राहिला आणि वाचला, पण भिंतीवर आपटून दोन्ही पायांचा चुरा झाला. झुलाही मग सुटून खालच्या कालव्यात पडला. गाळातून तो काढला, पण त्याच्या बाजूचा रॉडचा अर्धा तुकडा काही मिळाला नाही. वरचा अर्धा दोराला तसाच लटकत होता. खात्याच्या माणसाने तो कापडात गुंडाळून इथे पाठवला. तुटलेली बाजू बाहेरच्या जाणकारासमोरच बघायची, असा नियम. म्हणून तो कुलपात होता आणि आज बाहेर निघाला होता.

"बाई, नंबर जुळतोय," विभागप्रमुख हसून म्हणाले. ते बाईंचे एके काळचे विद्यार्थी. "तोच आहे. तुटलेल्या जागी मान बघा कशी बारीक झालीय. उघड आहे, एकदम वजन आलं आणि ओढला जाऊन तुटला. मेव्हण्याने पाण्याचे डबे जास्तीचे चढवले होते म्हणे."

"म्हणे," मोडबाई म्हणाल्या.

त्यांनी तुटलेल्या तोंडाच्या कडेला करंगळी लावली आणि ती जिभेवर टेकवली. मुलीने तोंड फिरवलं. इंजिनियरने रुमाल नाकाला लावला.

"खारट आहे. रॉड तुटला, कापडात बांधला, कोरड्या कपाटात ठेवला. एवढ्या दिवसांत तो असा गंजत नाही. याला कोणीतरी मिठाचं पाणी पाजलंय. आणि गंज बघा, सगळीकडे सारखा. पूर्ण तोंड एकाच दिवशी जन्माला आल्यासारखं. दुसरं म्हणजे हे." त्यांनी रॉडच्या टोकाजवळ, गंजाखाली दबलेल्या बारीक ओरखड्यांवर बोट ठेवलं. "हे दातांचे वळ आहेत. झुल्याला दात नसतात. ओढून तोडायच्या मशीनच्या जबड्याला असतात."

कोपऱ्यात ते मशीन उभंच होतं.

"हा रॉड त्या इमारतीवर तुटलाच नाही," मोडबाई म्हणाल्या. "तो या खोलीत तुटलाय."

२

प्रमुखांनी चहा मागवला. माणूस मेलेला असो, पुरावा चोरीला गेलेला असो, याच्या खोलीत चहाबरोबर बिस्किटं येणार आणि ती बशीत गोल मांडलेली असणार. मोडबाईंनी बशी सरकवून दिली.

"कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक काकांकडे. पण काका मधे रजेवर होते, त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तेव्हा त्यांची किल्ली त्या मुलीकडे होती." प्रमुखांनी आवाज खाली आणला. "बाई, मी कोणावर आळ घेत नाही. पण तिचा प्रबंध याच पोलादावर आहे. रॉड लवकर थकला असं निघालं, तर तिचं सगळं मुसळ केरात. मुलगी हुशार आहे हो, पण भित्री. आणि कंपनीचा तो माणूस रोज चकरा मारत होता. तुम्हीच काय ते समजा."

समजण्यासारखं बरंच होतं. हे नवं पोलाद म्हणजे प्रमुखांचं मोठं संशोधन. हलकं, बारीक, तरीही दणकट. रॉड किती वेळा ताण सोसेल याचं त्यांनी बसवलेलं गणित परदेशी परिषदांत गाजलं होतं. प्रत्यक्ष वापरात चाचणी म्हणून कंपनीने ते रॉड झुल्यांना लावले होते. झुल्यावर उभ्या राहणाऱ्यांना हे कोणी विचारलं होतं का, असं मोडबाईंनी विचारलं, तेव्हा प्रमुख म्हणाले, "विचारायचं काय त्यात? सुरक्षितच आहेत की." आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

कंपनीचा इंजिनियर व्हरांड्यात येरझारा घालत होता. अंगाला अत्तराचा भपका. बोलताना सारखा मोबाइल उघडत मिटत होता.

"बाई, आमचा माल चोख आहे. माणसांनीच मस्ती केली असणार. वर सेल्फी काढतात लेकाचे."

"मेला तो काढत होता?"

"तो नसेल. पण काढतात."

मोडबाईंना शिसारी आली. पण त्यांनी शांतपणे विचारलं, "रॉडवर नंबर असतो तो कुठे ठोकता?"

"कुठे म्हणजे? मधोमध, दिसेल असा. पंच घ्यायचा, हातोडा मारायचा. संस्थेनेच सांगितलंय तसं, कुठला रॉड किती चालला हे कळावं म्हणून. तेव्हापासून एकही रॉड बिननंबरी गेला नाही बघा," तो अभिमानाने म्हणाला. "आजही ठोकतो. का हो?"

"सहज," मोडबाई म्हणाल्या.

मशीनवाले काका फटकळ होते. "मी रजेवर होतो. मला काही विचारू नका. परत आलो तेव्हा मशीनला चपटे जबडे लावलेले होते, आणि त्यांत लोखंडाचा कीस. मला वाटलं, हिने पट्ट्या तोडल्या असतील. शिव्या घातल्या आणि ब्रशने साफ केले."

"हिने" म्हणजे त्या मुलीने. ती प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बसून होती. मोडबाई आत गेल्या तशी तिने डोळे पुसले.

"मी चपट्या पट्ट्या कधीच तोडत नाही मॅडम. माझे सगळे नमुने गोल रॉडचे."

"मग किल्ली कोणाला दिलीस?"

"कोणालाच नाही. ड्रॉवरमध्ये असायची."

"ड्रॉवरला कुलूप?"

"नाही." मग तिने जे विचारलं, त्याने मोडबाई उठता उठता थांबल्या.

"मॅडम, तुटला तो रॉड नंबरवरच तुटला होता का?"

३

"हे तू का विचारतेस?" असं मोडबाईंनी विचारेपर्यंत दारात प्रमुख उभे राहिले आणि मुलगी गोगलगायीसारखी आत ओढली गेली. मोडबाईंनी पिशवी उचलली आणि तडक इस्पितळ गाठलं.

वाचलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये. उशाशी कोणी नाही, पाण्याचा पेलासुद्धा हाताला लागणार नाही इतक्या दूर.

"डबे किती होते ते विचारायला आलात?" तो भिंतीशीच बोलला. "रोज असायचे तेवढेच होते. सगळ्यांना सांगून दमलो. माझी सख्खी बहीण येत नाही. तिला सांगितलंय रॉडच्या कंपनीच्या साहेबाने, तुझ्या भावाने भार वाढवला आणि तुझा नवरा मेला. घरी येऊन सांगितलं, पाय पुसून, खुर्चीवर बसून."

मोडबाईंनी आधी पेला भरून त्याच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "डब्यांचं नाही विचारत. तुटलेला रॉड तुम्ही पाहिलात का?"

तो वळला. "पाहिला म्हणजे? माणसं येऊन मला वर ओढेपर्यंत तोच होता माझ्या नाकासमोर. खाली बघायची हिंमत नव्हती. खाली भावजी होते. मग त्यालाच बघत राहिलो. अजून डोळे मिटले की तोच दिसतो."

"कसा होता?"

"अर्धा काळपट, जुना. रेघा रेघा होत्या त्यावर, लाकूड कापल्यावर दिसतात तशा. आणि अर्धा लख्ख, साखरेसारखा चमकत होता. आणि..." त्याने हवेत बोट फिरवलं. "नंबर. नंबरच्या मधूनच तुटला होता. आकड्यांची वरची डोकी तेवढी होती माझ्याकडे."

"मान बारीक झाली होती का? ओढलेल्या गुळाच्या पाकासारखी?"

"छे. सपाट होता. काकडी मोडावी तसा."

मोडबाईंनी डोळे मिटले. त्यांना तो तुकडा आता हातात धरल्यासारखा दिसत होता. काळपट भाग म्हणजे आधीच पडलेली चीर. दिवसेंदिवस, झुला वर-खाली होताना, केसाकेसाने आत सरकत गेलेली. तिच्यात हवा शिरली, पाणी शिरलं, ती काळी पडली. उरलेलं लख्ख लोखंड एका क्षणात गेलं. यात डब्यांचा काय संबंध? त्या दिवशी झुल्यावर चिमणी बसली असती तरी तो गेला असता.

पण कपाटातल्या तुकड्यावर नंबर अख्खा होता. तुटलेल्या जागेपासून चांगला वीतभर लांब.

मोडबाई ताडकन उठल्या. चोर कोण ते अजून कळायचं होतं, पण चोराला काय ठाऊक होतं ते त्यांना कळलं होतं.

४

मुलीला त्यांनी संस्थेबाहेर, रस्त्यापलीकडच्या बाकावर बोलावून घेतलं.

"हे बघ, मी तुला रागवायला आले नाही. रागवायचंय, पण ते नंतर. नंबर ठोकलेले रॉड तुझ्या चाचण्यांत लवकर तुटायचे. हो की नाही?"

मुलीने मान हलवली. "फार लवकर. बिननंबरी रॉड सरांच्या गणिताप्रमाणे टिकायचे. नंबरवाले निम्म्या आयुष्यातच जायचे, आणि प्रत्येक वेळी आकड्यापासूनच चीर सुरू. हातोड्याच्या घावाने तिथे खाच पडते ना मॅडम, सगळा ताण त्या खाचेच्या टोकाला गोळा होतो. मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, नंबर जोरात ठोकले गेले असतील, ते नमुने बाजूला काढ."

"बाजूला म्हणजे?"

"म्हणजे... धरायचे नाहीत."

"काकांना माहीत होतं?"

"त्यांनीच काढले ना मशीनमधून."

"आणि तू गप्प राहिलीस."

"प्रबंधावर सही सरांची लागते," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं मोडबाईंना मुळीच वाटलं नाही. ही मुलगी चोर नव्हती हे त्यांना एव्हाना कळलं होतं, तरीही.

त्या चालत प्रयोगशाळेकडे निघाल्या. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. ज्याने खोटा तुकडा बनवला, त्याने नवा कोरा रॉड घेतला, मशीनमध्ये ओढून तोडला, मग त्यावर नंबर ठोकला. कंपनीच्या इंजिनियरने हे केलं असतं, तर खऱ्या तुकड्याची हुबेहूब नक्कल केली असती, नंबर तुटलेल्या कडेलाच ठोकला असता. त्याला नंबरचं पापच ठाऊक नाही. असतं, तर 'आजही ठोकतो' असं छाती फुगवून सांगितलं नसतं. नंबर मुद्दाम वीतभर लांब नेणारा माणूस जाणत होता की नंबरनेच जीव घेतला.

असे तिघं. मुलगी, काका आणि प्रमुख. काका आईच्या खाटेशी होते. राहिले दोन.

मोडबाईंनी तुकडा पुन्हा भिंगाखाली धरला. दातांचे वळ रॉडच्या दोनच बाजूंना होते, आणि तेही घसरत, फरफटत गेलेले. एकदा नाही, दोनदा पकडल्याचे. गोल रॉड चपट्या जबड्यांत धरलेला. तो निसटणारच. गोल रॉडला खाचेचे जबडे लावतात. मुलगी वर्षानुवर्षं गोल रॉडच तोडत आली होती, डोळे बांधले तरी ती ही चूक करणार नाही. ही चूक तोच करील, जो या मशीनवर परिषदांमध्ये भाषणं ठोकतो आणि ज्याने मशीनला हात लावून जमाना झाला.

त्यांनी इंजिनियरला फोन केला. "प्रमुखांच्या खोलीत या. लगेच."

५

प्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं. मोडबाईंना वाटलं होतं, हा चिडेल, नाकारेल, निदान घाम तरी पुसेल. त्यातलं काहीच झालं नाही. शेवटी ते एवढंच म्हणाले, "चपटे जबडे. खरंच की. तुम्ही पहिल्याच तासाला शिकवलं होतं."

"का केलंस?"

"बाई, शांतपणे विचार करा. गेलेला माणूस परत येणार आहे का? पोलाद चांगलं आहे. गणित चांगलं आहे. एका खाचेपायी सगळं बुडवायचं? परदेशातली मंडळी पुढच्या महिन्यात करार करायला येताहेत. किती मुलांना काम मिळेल, किती नवे विषय खुले होतील. त्या मेव्हण्याला काही फाशी होणार नव्हती. थोडा ठपका आला असता, इतकंच."

"थोडा ठपका," मोडबाई म्हणाल्या. "खरा तुकडा कुठे आहे? फेकलास?"

"फेकीन कसा?" प्रमुख दुखावल्यासारखे म्हणाले. त्यांनी खालचा खण उघडला, आतून घट्ट झाकणाचा डबा काढला. डब्यात ओल शोषणारी पुडी, मऊ कापड, कापडात तो रॉड. अर्धा काळा, अर्धा लख्ख. नंबरची वरची डोकी. एवढ्या निगुतीने जपलेला तुकडा मोडबाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता. "असला नमुना प्रयोगशाळेत मिळत नाही. प्रत्यक्ष वापरातला आहे. थोडी वर्षं गेली की नाव-गाव न घालता यावर लेख लिहायचा होता. ठोकलेल्या खुणा आणि लोखंडाचा थकवा. या विषयावर अजून फारसं काम झालेलं नाही, बाई. फार वाव आहे."

मोडबाईंनी डब्याचं झाकण आपल्याकडे ओढलं.

इतका वेळ इंजिनियर दाराशी उभा होता. त्याच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरत गेला होता. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सर. नंबरमुळे तुटतो? सगळ्यांवर नंबर आहे. आपण सगळ्यांवर ठोकलाय."

"पुढच्या दुरुस्तीच्या वेळी बदलून घेऊ म्हणणारच होतो मी," प्रमुख म्हणाले. "गाजावाजा न करता."

"आत्ता माणसं आहेत वर!" इंजिनियर किंचाळला. त्याने फोन लावला. "हॅलो! झुले उतरवा. सगळे. अरे, काच राहू दे अर्धी! माणसं उतरव आधी! कोणाची परवानगी? माझी परवानगी! अरे गाढवा, उतरव!"

पलीकडून कोणीतरी हुज्जत घालत होतं, थोडंच राहिलंय, एवढं पुसून उतरतो म्हणत होतं. इंजिनियर रडकुंडीला येऊन ओरडत होता. आणि प्रमुखांनी तो तुकडा उजेडात धरून मोडबाईंपुढे केला होता.

"रेघा बघा बाई. किती स्वच्छ आल्यात."

मोडबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, डब्यात ठेवला, झाकण लावलं. "मला बाई म्हणू नकोस," त्या म्हणाल्या.

६

सगळी माणसं सुखरूप खाली आली. उतरवलेले रॉड तपासले, तेव्हा त्यातल्या एकावर आकड्यापाशी चीर सापडली, रॉडच्या निम्म्यापर्यंत गेलेली. इंजिनियरने तो स्वतः आणून दिला. अत्तर लावलं नव्हतं. ठेवून निघून गेला.

संस्थेने प्रमुखांना घरी बसवलं. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी मोडबाईंना अहवालाबद्दल एकच विनंती केली, 'विभागप्रमुखांनी नमुना बदलला' याऐवजी 'नमुना बदलला गेल्याचे आढळले' असं लिहिता येईल का, संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे. त्यांच्याही टेबलावर चहा होता. मोडबाई उठल्या. अहवाल होता तसाच खात्यात गेला, सोबत मुलीचा जबाबही, बाजूला काढलेल्या सगळ्या नमुन्यांचा. तो तिने आपणहून दिला. मोडबाईंनी तिला शाबासकी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मेलेल्या माणसाच्या बायकोला घेऊन इस्पितळात गेल्या. वाटेत सगळं सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. ती ऐकत होती. वॉर्डच्या दाराशी थांबली.

"नंबर कशासाठी ठोकायचे म्हणालात?"

"रॉड ओळखू यावा म्हणून."

"ह्यांचा चेहरा मला ओळखू आला नव्हता," ती म्हणाली. "शर्टावरून ओळखलं."

ती आत गेली. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. मग पलीकडच्या बाजूला गेली, भिंत आणि खाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून शिरली आणि त्याच्या तोंडासमोर येऊन उकिडवी बसली.

"दादा," ती म्हणाली, "मी त्या साहेबाचं ऐकलं रे. त्याला पाणीसुद्धा दिलं प्यायला."

भावाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघंही हमसून हमसून रडायला लागली. मोडबाईंनी दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या नळावर जाऊन हात धुतले. पाणी फार गार होतं, तरी त्या बराच वेळ धूत राहिल्या.